गवतावरचं डुक्कर

"घे. ह्यां तुझां," सासू म्हणाली आणि तिने ते पिल्लू माझ्या ओच्यात टाकलं.

पास्कोलची एसटी सकाळीच गेली होती. लग्नाला महिना होत नाही तोच नवरा मुंबईला परतला म्हणून रडून रडून माझे डोळे सुजले होते, आणि इथे ओच्यात हे किंचाळणारं डुकराचं पोर. त्याने पहिल्या झटक्यालाच माझं लुगडं खराब केलं. चुलीपाशी माझी थोरली जाऊ कार्मेलीन तोंडावर हात धरून हसत होती.

"काय घालू तेका?" मी विचारलं.

"गवत."

"नुसतां गवत?"

"मगे? तुझ्या बापाशीच्या भट्टीतलो पाव घालतंस?"

माझं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजारातलं, वडिलांची पावाची भट्टी. डुक्कर मी तोवर लांबून पाहिलेलं, नाहीतर ताटात. ते काय खातं नि किती खातं, याचा विचार करायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. सासूने गाय दाखवून "हिला मासे घाल" म्हटलं असतं तरी मी मुकाट्याने बाजारातून बांगडे आणले असते, इतकी मी तेव्हा खुळी होते.

सासूचं नाव इजाबेल. सगळी वाडी तिला माय म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले. मायेचा त्यात काही संबंध नव्हता. सावंतवाडीपासून बरीच आत, डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी, ख्रिस्तावांची चार-सहा घरं. त्या घरांची एक रीत होती. बाकी कुठे मी ती ऐकली नाही, आणि कुणाच्या कानावर पडू नये अशीच ती होती. नव्या सुनेला पहिल्याच महिन्यात डुकराचं पिल्लू द्यायचं. डिसेंबरातल्या फेस्तापर्यंत, म्हणजे चर्चच्या सणापर्यंत, तिने ते वाढवायचं, आणि तेही गवतावर. पेज, कोंडा, तांदळाचं धुवण, फणसाच्या साली हे सगळं घरच्या मोठ्या डुकरिणींचं. सुनेच्या डुकराला त्यातलं काही नाही. फेस्ताच्या आदल्या दिवशी वाडीतल्या म्हाताऱ्या येऊन बघणार. डुक्कर भरलं असेल तर सुनेचा हात चांगला.

"पास्कोल तुका मुंबयक न्हेवचां म्हणता," माय म्हणाली. "माहीमाक खोली बघल्यान हा. मी नको म्हणणंय नाय. पण आदी माका तुझो हात बघूचो असा. काय तां फेस्ताक ठरवया."

मला त्यातून एवढंच ऐकू आलं, की डुक्कर भरलं तर मी मुंबईला. पास्कोल तिथे एका हॉटेलात स्वयंपाकी होता. जाण्यापूर्वी त्याने मला त्या खोलीचं वर्णन करून सांगितलं होतं: एक खाट, मोरीत नळ, आणि खिडकीखाली स्टोव्ह ठेवायला ओटा. मला त्या स्टोव्हचंच वेड लागलं. त्याच्यावर मी काय शिजवीन, किती शिजवीन, आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता पातेल्यातून किती वाढून घेईन! मायच्या घरात वाढायची डवली मायच्या हातात असे. ती एकदा फिरली की फिरली. पुन्हा वाढून घ्यायला वाडगा पुढे करायची माझी छाती नव्हती.

मी कार्मेलीनला विचारलं. तिच्याइतकं माझ्याशी गोड त्या घरात कोणी बोलत नव्हतं. तिचा नवरा इनासही मुंबईलाच असे, शिंपीकाम करी. ती मात्र पाच वर्षं इथे होती. मुंबईचं पाणी आपल्याला मानवत नाही, असं तिने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तिने पहिल्या वर्षी वाढवलेल्या डुकराची वाडीत अजून गोष्ट सांगत. दोघा गड्यांना उचललं नव्हतं म्हणे.

"खऱ्यांच गवतार वाढतत गो, बाय?"

"वाढतत. माझां नाय वाढलां?"

"खयचां गवत घातलंस?"

"कवळां बघून हाड. आणि मन लावन घाल," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

मी मन लावून घातलं. पावसाळाभर मी शेताच्या बांधावरचं, ओढ्याकाठचं, चर्चच्या मागच्या उतारावरचं कोवळं गवत कापून आणलं. बोटं चिरली, पायांना जळवा लागल्या. आणि डुक्कर ते खात होतं. डुक्कर गवताला तोंड लावत नाही असं म्हणणाऱ्याने डुक्कर बघितलेलं नाही. मिटक्या मारत खायचं. मला वाटायचं, जिंकले! पण खाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. सकाळी घातलेलं गवत दुसऱ्या दिवशी गोठ्यात पडलेलं दिसायचं, हिरवंच्या हिरवं, नुसतं चघळलेलं. पोट टम्म फुगलेलं आणि पाठीचा कणा वर आलेला. हल्ली पशुवैद्यकीय दवाखान्यातला डॉक्टर आमच्याकडे येऊन सभा घेतो. गवत तोंडी लावण्यापुरतं द्या, त्यावर डुक्कर पोसत नाही, असं चित्रं दाखवून सांगतो. मी मागे बसून सुपारी कातरते. मला कशाला सांगतोस, बाबा?

शेजारच्या कप्प्यात डुकरिणींपुढे पेज ओतल्याचा आवाज आला, की माझं डुक्कर मधल्या फळीवर डोकं आपटायचं. ते किंचाळणं ऐकवत नसे. एकदा मला राहवलं नाही. कोंड्याच्या डब्यात हात घालून मूठभर कोंडा काढला आणि वळते तो माय दारात उभी. ओरडली नाही, मारलं नाही. माझ्या मुठीतला कोंडा तिने डब्यात परत सांडून घेतला, एकेक बोट उघडून.

"चोरयेचो हात बरो नसता," म्हणाली, आणि त्यानंतर कित्येक दिवस माझ्या वाट्याला मासळीचा तुकडा आला नाही. नुसतं सार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

ऑगस्टच्या शेवटी मी गोठ्याच्या पायरीवर बसून चक्क भोकाड पसरलं. डुकराच्या बरगड्या मोजता येत होत्या. म्हणजे मुंबई गेली, खोली गेली, स्टोव्ह गेला. कार्मेलीन येऊन माझ्या बाजूला टेकली. तिने माझे डोळे आपल्या पदराने पुसले.

"रडा नको. माझां पण असांच झाल्लां."

"मगे काय केलंस?"

ती डुकराकडे बघत म्हणाली, "मी सगळां वरीस पेज परसात बसान जेवलंय. घरात नाय."

"कित्याक?"

"वारो येता." तिने आवाज खाली आणला. "तुझ्या वाट्याची पेज ती तुझी, नातालीन. ती तू काय करतंस, तां कोण विचारता?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मला तिचे पाय धरावेसे वाटले. पाच वर्षं जिवापाड जपलेलं गुपित हिने मला सांगितलं. सख्खी बहीण काय वेगळी असते?

दुसऱ्या दिवशी पेजेच्या वेळी मी वाडगा घेऊन उठले. माय आता उभी-आडवी सोलणार, हे मी धरूनच चालले होते. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, हातातल्या वाडग्याकडे बघितलं.

"बस भायर," म्हणाली. "वारो बरो असा."

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट म्हातारीला काही कळत नाही म्हणून मी मनात हसले.

आधी अर्धी पेज देत होते. डुकराला चटक लागली. मी परसात पाऊल टाकलं की ते मागच्या दोन पायांवर उभं राहून फळीवरून मुसकट काढायचं. मग मी वरचं पाणी पिऊन खालची शितं त्याला द्यायला लागले. मग रात्रीच्या भातातला भात. ते भरत चाललं, दिसामासी भरलं. कातडी ताणून गुळगुळीत झाली, मानेला वळ्या पडल्या. माय येता-जाता म्हणायची, "गवत मानावलां हा तेका," आणि कार्मेलीन खाली मान घालून हसायची.

आणि मी? पहिले काही दिवस पोट दुखलं. मग दुखायचं थांबलं आणि डोकं हलकं झालं. विहिरीवर वाकले की डोळ्यांपुढे काळोख. बापाच्या भट्टीचा वास येऊन मी झोपेतून उठून बसायची. पाळी थांबली, तेव्हा कार्मेलीनने ते मायला सांगितलं. मायने घरातल्या क्रुसापुढे, आल्तारीपाशी, मेणबत्ती लावली आणि मलाही पटलं की पोर असणार. सुईण आली, पोट चाचपलं आणि म्हणाली, पोटात काही नाही. ते खरंच होतं. पोटात काही नव्हतं, पेजसुद्धा नव्हती.

त्या डुकराचा मी द्वेष करत होते, हे स्वच्छ सांगते. त्याने मचमच केलं की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि मग राग यायचा. पण वाडगा मात्र रोज त्याच्यापुढे ओतत होते. एकदा मुंबई गाठली की आयुष्यभर खायचंच आहे, असं मनाला समजावत होते.

फेस्ताला पास्कोल आणि इनास दोघे मिळून आले. पास्कोलने मला बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"कितकी सुकलंस गो?"

"पयल्या वर्साक सून सुकताच," माय मध्येच म्हणाली. "जा, तिचां डुकर बघून ये."

तो बघून आला आणि खूष झाला. माझ्या कानाशी लागून म्हणाला, की खोली घेतली, स्टोव्हसुद्धा घेतला, पितळेचा. त्या दिवशी मला भूक लागली नाही.

फेस्ताच्या आदल्या दिवशी वाडीतल्या तिघी म्हाताऱ्या आल्या. त्यांच्यात आंतोनेत सगळ्यात जुनी, तिच्या शब्दाला मान. मी सकाळपासून डुकराला धुऊन, चोळून चकचकीत करून ठेवलं होतं. आंतोनेतने काठीने त्याची पाठ एकदा दाबली, "बरां असा" म्हणाली, आणि तिघींनीही डुकराकडे पाठ केली. इतके महिने ज्याच्यासाठी मेले, त्याच्याकडे त्यांनी नीट बघितलंही नाही.

मग त्या माझ्याकडे आल्या. आंतोनेतने माझा हात धरला आणि लग्नातल्या बांगड्या वर सारायला सुरुवात केली. बांगड्या मनगटावरून वर गेल्या, कोपराला अडकल्या नाहीत, कोपराच्याही वर जाऊन थांबल्या. दुसरीने माझ्या हनुवटीखाली बोट घालून मान वर केली आणि गळ्याची हाडं बघितली. तिसरीने पदराखालून माझी बरगडी चाचपली. मला वाटलं, मी आजारी आहे का ते बघतायत. मला थोडं बरंही वाटलं, की कुणीतरी विचारतंय.

"इजाबेल," आंतोनेत म्हणाली, "गावली गो तुका."

मायने कपाळाला, छातीला बोटं लावून खुर्स केला. दारात उभ्या असलेल्या कार्मेलीनने मोठा श्वास सोडला आणि ती आत निघून गेली.

डुक्कर कापायला नेलं तेव्हा ते माझ्याच हाकेवर आलं. मी पुढे रिकामा वाडगा धरला होता. वाडीतल्या पोरींना वाटलं, आता ही रडणार. मी रडले नाही. दुपारी ताटात मटण आलं तेव्हा मी चापून खाल्लं, हाडं चोखून खाल्लं. त्याच्या अंगात माझीच पेज होती. मी माझी परत घेत होते. तिसऱ्या वाढीनंतर विहिरीमागे जाऊन सगळं ओकले, तोंड धुतलं आणि परत येऊन ताटावर बसले.

जेवणं उरकली. ओसरीवर पास्कोल आणि इनास फेणीचे पेले घेऊन बसले होते. माय हात पुसत बाहेर आली आणि उद्या बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात म्हणाली, "कार्मेलीन इनासवांगडा मुंबयक जातली. नातालीन हयसर ऱ्हवतली."

मला वाटलं, तिची नावांची गफलत झाली.

"माय, मुंबयक मी जातलंय मा? माझो हात बरो निघालो."

"बरो निघालो म्हणानच."

"पण तुमी म्हटल्यात..."

"काय म्हटलंय? फेस्ताक ठरवया म्हटलंय. ठरयलंय." ती माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कौतुक होतं, आणि त्या कौतुकाचीच मला भीती वाटली. "डुकर गवतार वाढणा नाय तां माका कळणा नाय काय गो? जन्म गेलो डुकरां पाळण्यात. माझ्या सासवेन माका पण गवतच सांगलेल्यान. मी पण पेज परसातच जेवलंय."

इनास पेल्यात बघत होता.

"आपल्या तोंडातलो घास काडून दुसऱ्याक घालता आणि वर तोंड उघडणा नाय, अशी सून म्हातारपणाक व्हयी," माय म्हणाली. "पेज व्हयी म्हणान भांडणारी माका नको. ती खुशाल मुंबयक जावंदे. तू एकदा कोंडो चोरलंस तेव्हा माका धास्ती वाटली. पण मगे सुदारलंस."

मी पास्कोलकडे बघितलं. माझा सगळा जीव त्याच्या तोंडाकडे लागला होता. त्याने एक शब्द बोलावा, एक. त्याने पेला संपवला.

"माय सांगता तर बरोबरच असतलां," तो म्हणाला. मग थोरल्या भावाकडे वळून, "खोली मगे तुमीच घेवा. स्टोव्ह पण थंयच असा."

त्या क्षणी मला डुकराचा नाही, त्याचा द्वेष वाटला. तो अजून आहे. त्याच्या मयतालाही तो कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्मेलीनची ट्रंक रस्त्यावर आली. एवढी मोठी ट्रंक एका सकाळीत भरून होत नाही. कुलपाला गंज चढला होता. इनास एसटीला हात करायला पुढे उभा होता. ती माझ्याजवळ आली.

"मुंबयचां पाणी बादता मा तुका?" मी विचारलं.

"आता बादूचां नाय," ती म्हणाली.

"मी तुका बहीण समजलंय."

"माका ठावक असा." तिचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं. "पाच वर्सां, नातालीन. पाच वर्सां मी पास्कोलच्या लग्नाची वाट बघित होतंय. हयसून सुटूची एकच वाट असा. पाठसून दुसरी तशीच सून येवक व्हयी. तू बापाशीकडे पळान गेलं असतंस, नायतर पेजेसाठी भांडलं असतंस, तर मी हयसरच मेलं असतंय."

मी तिच्या पायांशी थुंकले. तिने पाऊल मागे घेतलं नाही. उलट जवळ येऊन माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"तू पण असांच कर," ती माझ्या कानात म्हणाली. "नवी सून इली काय तिका परसातली जागा दाखय. तुझी सुटका जातली."

एसटी आली. ट्रंक टपावर चढली. कार्मेलीनने खिडकीतून मागे वळून बघितलं नाही आणि गाडी वळणाआड गेली. घरातून मायची हाक आली, डुकरिणींची पेज उतू जात होती. मी तशीच रस्त्यावर उभी राहून डोक्यात जुळवत होते, आता घरात लग्नाचं कोण राहिलं. इनास थोरला. पास्कोल शेंडेफळ. मधे कुणी नाही.